जुन्या वेगवान मोटारींची पारख

जुनी वस्तु पारखून घेण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. घोडा घेतांना त्याचे दांत पाहावे, बैल घेतांना त्याला चार पावलें चालवून पाहावें, घर घेतांना भर पावसांत जाऊन भिंतींवरून हात फिरवून यावें, हें आपल्या आजोबांना कोणी शिकवावें लागत नसे. मोटार मात्र आपल्या संसारांत फार उशिरां आली; तिच्या पारखीची परंपरा अजून आपल्या अंगीं मुरलेली नाहीं. त्यांतून जी मोटार नुसत्या जाण्यायेण्यासाठीं नव्हे, तर वेगासाठींच बांधलेली असते, तिची पारख अगदींच निराळी. ही पारख माणसें कशी शिकलीं, कोणत्या गाड्यांनीं तीं शिकविली, आणि त्या शिक्षणाची फी किती पडली, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आज तो थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

हा विषय एका निवृत्त शाळामास्तरानें कां घ्यावा, असें कोणी विचारील. मला मोटार चालवितां येत नाहीं, हेंही आधींच कबूल करतों. परंतु कांहीं महिन्यांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी सकाळींच घरीं आला. तो आतां पुण्यांत एंजिनियर आहे. चहा होईपर्यंत इकडचें तिकडचें बोलला आणि मग हळूच म्हणाला, "सर, एक दोन आसनांची परदेशी गाडी पाहिली आहे. बारा वर्षांची आहे. नवी होती तेव्हां ऐंशीं लाखांची, आज पंचवीस लाखांत मिळते आहे. घरीं अजून सांगितलेलें नाहीं." पैसे कोठले, असें मीं विचारलें. नव्या घराच्या पहिल्या हप्त्यासाठीं सांठविलेले होते. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें; पण इतिहास शिकवीत आयुष्य गेल्यामुळें, उत्तर ठाऊक नसलें कीं मागें जाऊन पाहावयाचें, ही खोड मला आहे. त्या खोडीपायीं जें वाचलें, तेंच येथें सांगतों.

प्रथम हमीची गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, डब्ल्यू. ओ. बेंटली या गृहस्थानें लंडनमध्यें स्वतःच्या नांवाची मोटार कंपनी काढली. हा मनुष्य मूळचा आगगाडीच्या कारखान्यांत उमेदवारी केलेला. त्याच्या तीन लिटरच्या गाडीच्या सांगाड्यावर कंपनी पांच वर्षांची हमी देत असे, आणि फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत बेंटलींनीं १९२४ सालीं व पुढें १९२७ ते १९३० अशी लागोपाठ चार वर्षें जिंकली. अशी गाडी जुनी घ्यावयाची तर फिकीर कसली, असें कोणासही वाटेल. पण १९३१ सालीं ती कंपनीच बुडाली आणि रोल्स-रॉइसच्या हातीं गेली. हमीचा कागद, तो देणाऱ्याच्या पेढीपेक्षां अधिक टिकत नाहीं, एवढें त्या काळच्या गिऱ्हाइकांना कळून चुकलें.

खरें शिक्षण पुढें, १९६१ सालानंतर झालें. त्या वर्षीं मार्च महिन्यांत जिनीव्हा येथील प्रदर्शनांत जॅग्वार कंपनीनें आपली 'ई-टाइप' गाडी मांडली. ताशीं दीडशें मैलांचा तिचा लौकिक. आणि किंमत पाहावी तर इंग्लंडांत दोन हजार पौंडांपेक्षां किंचित् अधिक! त्याच तोलामोलाच्या ॲस्टन मार्टिनला जवळजवळ दुप्पट पैसे पडत. १९७४ पर्यंत ७२,००० हून अधिक ई-टाइप गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. नवेपणींच स्वस्त असलेली वस्तु जुनी झाल्यावर आणखी स्वस्त होणार, हें ओघानेंच आलें. गाडी दुसऱ्या हातांतून तिसऱ्या, तिसऱ्यांतून चौथ्या हातीं जाऊं लागली, आणि जो पगारदार तरुण ती नवी घेण्याचें स्वप्नही पाहूं शकत नव्हता, तो आतां मालक झाला.

पण गाडीची किंमत जितकी उतरली, तितकें तिचें पोट लहान झालें नाहीं. ई-टाइपच्या मागच्या चाकांच्या ब्रेकच्या तबकड्या चाकांपाशीं नसून आंत, डिफरन्शियलला लागून बसविलेल्या. तेथील उष्णतेनें तेलाच्या सिला कडक होत, तेल तबकड्यांवर झिरपे, आणि तें नीट निस्तरावयाचें तर मागील आंसाचा सबंध पिंजराच खालीं उतरवावा लागे. क्लच बदलावयाचा तर इंजिन व गिअरपेटी दोन्ही जोडीनें बाहेर काढावीं लागत. म्हणजे सामान थोड्या पैशांचें आणि मजुरी कित्येक पट. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण इंग्रजांना ठाऊक नसली, तरी तिचा अनुभव त्यांना घरोघर आला.

त्याहून वाईट शत्रु गंज. इंग्लंडांत हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ई-टाइपच्या पुढच्या भागांत इंजिनास आधार देणारा चौकोनी नळ्यांचा सांगाडा असतो. त्या नळ्या आंतून गंजत, आणि बाहेरचा रंग मात्र नव्या नवरीसारखा. मुंबईच्या किंवा कोंकणपट्टीच्या खाऱ्या हवेंत ज्यांनीं खिडक्यांचे गज बदलले आहेत, त्यांना हें समजावून सांगावयास नको. म्हणून तेथील जाणते गिऱ्हाईक गाडीभोंवतीं फेरी मारण्याआधीं गाडीखालीं निजूं लागलें. लोहचुंबक फिरवून पाहावयाचा. जेथें तो चिकटत नाहीं तेथें पत्र्याच्या जागीं पुट्टी भरली आहे असें समजावयाचें. मीं स्वतः १९८६ सालीं एक जुनी स्कूटर घेतली, तेव्हां तिचा नवा निळा रंग पाहून खूष झालों होतों. पहिल्याच पावसाळ्यांत त्या रंगाखालून काय काय निघालें, हें आमच्या घरांत अजून सांगितलें जातें. त्या वेळीं चार आण्यांचा लोहचुंबक खिशांत असता तर!

जर्मनीचा धडा निराळा. १९६३ सालीं पोर्शनें फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत जी गाडी ९०१ या नांवानें मांडली, तीच पुढें ९११ म्हणून प्रसिद्ध झाली. मधें शून्य असलेल्या तीन आंकडी नांवांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनें हक्क सांगितल्यामुळें शून्याचा एक झाला. गाडीच्या पाठीशीं हवेनें थंड होणारें सहा सिलिंडरांचें इंजिन. त्यांत पाणी नाहीं, रेडिएटर नाहीं. १९७४ च्या सुमारास तें २.७ लिटरचें झालें. त्याचा गाभा वजन वांचविण्यासाठीं मॅग्नेशियमचा केलेला होता. मॅग्नेशियम हलकें खरें, पण मऊ; आणि इंजिन वाढलें तशी उष्णताही वाढली. त्यांत अमेरिकेंत धूर शुद्ध करण्याच्या नियमांमुळें इंजिनालगत आणखी तप्त पात्रें बसवावीं लागलीं. परिणाम असा झाला कीं, सिलिंडरांचीं डोकीं आवळून धरणारे लांब बोल्ट त्या मऊ धातूंतून आटे तोडून उपटून येऊं लागले. १९७८ सालच्या गाड्यांत कंपनीनें ॲल्युमिनियमचा गाभा घालून हें दुखणें संपविलें. पण तोंवर विकल्या गेलेल्या हजारों गाड्या बाजारांत होत्याच. बाहेरून त्यांपैकीं कोणती निरोगी आणि कोणती रोगी, हें रंगावरून वा मैलांच्या आंकड्यावरून कळण्यासारखें नव्हतें.

मग इंजिनाची नाडी पाहण्याची एक रीत अशा खरेदींत रूढ झाली. ती मला फार आवडली, म्हणून थोडी विस्तारानें सांगतों. सिलिंडराचा प्लग काढावयाचा, दट्ट्या अगदीं वर, दोन्ही झडपा मिटलेल्या अशा स्थितींत आणावयाचा, आणि प्लगच्या भोंकांतून ठराविक दाबाची हवा आंत सोडावयाची. ती किती टिकते व किती गळते, हें मापकावर दिसतें. शेंकडा पांच-दहा गळणें चालतें. वीसच्या पुढें गेली कीं विचार करावा. पण खरी मौज पुढें आहे. हवा कोठून गळते, तें कान देऊन ऐकावयाचें. धुराच्या नळींतून फुसफुस ऐकूं आली तर धूर बाहेर सोडणारी झडप नीट बसत नाहीं. हवा आंत घेण्याच्या वाटेनें आली तर दुसरी झडप. तेल ओतण्याच्या तोंडांतून आली तर दट्ट्याचीं कडीं झिजलीं. आणि पाण्यानें थंड होणाऱ्या गाडीच्या रेडिएटरांत बुडबुडे आले तर सिलिंडराच्या डोक्याखालचें गॅस्केट गेलें. वैद्यानें छातीला कान लावावा, तसाच हा प्रकार. आणि सहाही सिलिंडरांचे आंकडे जवळजवळ सारखे असावे लागतात. पांच उत्तम आणि एक वाईट असेल, तरी इंजिन उघडावें लागतेंच.

येथवर झिजेचा विचार झाला तो चालण्याच्या झिजेचा. इटलीच्या फेरारीनें लोकांना उलट गोष्ट शिकविली. १९९४ ते १९९९ या काळांत बनलेल्या एफ-३५५ या गाडीचें इंजिन साडेतीन लिटरचें, आणि प्रत्येक सिलिंडराला पांच झडपा. त्या झडपांची हालचाल रबरी पट्ट्यावर चालते. हा पट्टा तुटला तर झडपा व दट्टे एकमेकांवर आपटतात आणि क्षणार्धांत इंजिनाचें भंगार होतें. पट्टा बदलावयाचा, तर त्या गाडीचें इंजिन सबंध बाहेर काढावें लागतें. आणि रबर तर गाडी चालो वा न चालो, वर्षांनीं म्हातारें होतच जातें. म्हणून मैल न मोजतां ठराविक वर्षांनीं तो बदलावाच लागतो. म्हणजे ज्या गाडीच्या मापकावर फार थोडे मैल दिसतात आणि जी दहा वर्षें झांकून ठेवलेली आहे, ती विकत घेणाऱ्यानें दहा वर्षांचें देणेंही विकत घेतलेलें असतें. सिला सुकतात, टांकींतलें पेट्रोल नासतें, टायर कडक होतात. 'फार कमी चाललेली गाडी' हें जाहिरातींतील वाक्य वाचून ज्यांना हर्ष होतो, त्यांनीं एवढें मनांत ठेवावें. पुढें १९९९ च्या ३६० मोडेना गाडींत आसनांमागचें झांकण काढून पट्ट्यापर्यंत पोंचतां येईल अशी सोय कंपनीनें केली, आणि २००४ च्या एफ-४३० मध्यें तर पट्ट्याऐवजीं साखळीच आली. विकून झालेल्या गाड्यांच्या मालकांना त्याचा उपयोग काय?

विकणाऱ्याला सारें ठाऊक आणि घेणाऱ्याला कांहींच नाहीं, या स्थितीचा विचार अर्थशास्त्रज्ञांनींही केलेला आहे. अमेरिकेंत खराब निघालेल्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात. आपण दृष्ट लागूं नये म्हणून गाडीला लिंबू बांधतों, तेथें गाडीच लिंबू ठरते! या लिंबांच्या बाजारावर जॉर्ज अकरलॉफ या तरुण अध्यापकानें एक निबंध लिहिला. तीन मासिकांनीं तो परत केला. अखेर १९७० सालीं छापला गेला, आणि २००१ सालीं त्या विचाराबद्दल त्याला इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें म्हणणें असें: चांगली कोणती व वाईट कोणती हें घेणाऱ्याला ओळखतां येत नाहीं, म्हणून तो मधलीच किंमत देऊं करतो, त्या किंमतींत चांगल्या गाडीचा मालक गाडी बाजारांत आणीत नाहीं, मग उरतात त्या लिंबूच उरतात. माझा विद्यार्थी पंचवीस लाखांच्या आंकड्यावर भुलला होता, तेव्हां मला हा निबंध पुन्हां पुन्हां आठवे. एवढ्या किंमतीला ती गाडी कोण विकतो, हा प्रश्न गाडी काय दर्जाची आहे या प्रश्नाच्या आधीं येतो.

सरकारांनीं आपल्यापरी कांहीं उपाय केले. इंग्लंडांत १९६० सालीं दहा वर्षांवरच्या गाड्यांचे ब्रेक, दिवे व सुकाणूं यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. पुढें ही मर्यादा १९६७ पर्यंत तीन वर्षांवर आली. अमेरिकेंत १९७२ च्या कायद्यानें मैलमापक मागें फिरविणें गुन्हा ठरला. पण कायदा गाडी सुरक्षित आहे कीं नाहीं एवढेंच पाहतो. तिला पुढल्या वर्षीं किती पैसे लागतील, हें पाहणें त्याचें काम नव्हे.

पोर्शच्या ९११ गाडीनें १९९७ सालीं हवा सोडून पाणी धरलें. नव्या इंजिनांत क्रँकशाफ्टकडून झडपांच्या साखळ्यांकडे गति पोंचविणारा एक मधला दांडा आहे. त्याच्या एका टोंकाला बंदिस्त बेअरिंग. काळांतरानें त्यांतील ग्रीस इंजिनाच्या तेलानें धुवून जाई, बेअरिंग झिजे, आणि तें फुटलें कीं साखळ्यांचा मेळ चुकून सबंध इंजिन जाई. सर्व गाड्यांचें असें झालें नाहीं. परंतु कोणाचें होईल हें सांगतां येईना. अमेरिकेंत २००१ ते २००५ मधील गाड्यांबद्दल सामुदायिक दावा झाला आणि २०१३ सालीं त्याची तडजोड झाली. भीतीनें या पिढीच्या गाड्यांची किंमत बरींच वर्षें दबलेली राहिली. यांतून जाणत्यांनीं दोन गोष्टी उचलल्या. एक, तेलाचा गाळणीकागद कापून उन्हांत धरावयाचा. घड्यांत चकाकणारे कण दिसले तर गाडी तेथेंच सोडावयाची. दुसरी, बेअरिंगपर्यंत पोंचावयास गिअरपेटी उतरवावी लागते आणि क्लच बदलतांनाही तीच उतरवावी लागते; तेव्हां दोन्ही कामें एकाच मजुरींत करून घ्यावयाचीं.

याच काळांत इंजिनांतील संगणक रोजनिशी लिहूं लागले. तिसऱ्या गिअरमधून चौथ्यांत जाण्याऐवजीं चुकून दुसऱ्यांत गेलें, तर चाकेंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवितात, आणि पेट्रोल तोडणारी सोय तेथें निरुपयोगी ठरते. असा प्रसंग कितीदां व इंजिनाच्या कितव्या तासाला घडला, हें त्या पोर्शच्या संगणकांत नोंदलेलें असतें. मालक विसरतो, यंत्र विसरत नाहीं. बी. एम. डब्ल्यू. च्या २००० ते २००६ मधील एम-३ गाडींत मात्र दुखणें संगणकाला दिसण्यासारखें नव्हतें. तिच्या मागच्या आंसाचा सांगाडा ज्या पत्र्याला जखडलेला असतो, त्या पत्र्यालाच तडे जात. तेथें पुन्हां ई-टाइपच्या काळासारखें गाडीखालीं निजूनच पाहावें लागतें.

आतां खर्चाचा हिशेब. याला मी शाळेंतलेंच त्रैराशिक लावतों. समजा, एका गाडीचा क्लच साठ हजार किलोमीटर टिकतो, नवा बसविण्यास दीड लाख रुपये पडतात, आणि सध्यांचा क्लच चाळीस हजार चालला आहे. तर एक लाख रुपये पूर्वींच्या मालकानें वापरून टाकले आहेत आणि बिल मात्र तुमच्या नांवें येणार आहे. असाच हिशेब टायर, ब्रेक, शॉक ॲब्सॉर्बर, पट्टा यांचा एकेक करून मांडावा व किंमतींत मिळवावा. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात: '२३१८' म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एका जातीचे नसतील तर मालकाचा हात आंखडता होता असें समजावें. आंतील कडाच झिजलेली असेल तर चाकांचे कोन किंवा खालचे रबरी बुश गेले आहेत. कांहीं अतिवेगवान गाड्यांना कार्बन व सिरॅमिकच्या ब्रेक-तबकड्या असतात. त्यांची झीज नुसती जाडी मोजून कळत नाहीं, म्हणून त्या तागडींत घालतात. किमान वजन तबकडीवरच कोरलेलें असतें. आणि त्यांची किंमत विचारून ठेवल्यावांचून त्या गाडीला हात लावूं नये. सुट्या भागांची किंमत नेहमीं ऐंशीं लाखांच्या गाडीची असते, पंचवीस लाखांच्या नव्हे. आपल्याकडे तर ते भाग बाहेरून यावयाचे, त्यावर जकात आणि वाट पाहणें. किंमतीच्या निदान पांचव्या हिश्श्याइतकी रक्कम हातीं निराळी ठेवतां येत नसेल, तर अशी गाडी परवडत नाहीं, असें माझें मत आहे. कोणाला तें भित्रें वाटेल.

एवढें टांचण घेऊन आम्ही दोघे एका रविवारीं ती गाडी पाहावयास गेलों. रंग सुंदर होता. मीं आधीं कागद मागितले. पहिल्या आठ वर्षांची फाइल नीट लावलेली, तारखा, किलोमीटर, बिलें सारीं जेथल्या तेथें. पुढल्या चार वर्षांचें एकही पान नव्हतें. मागले दोन टायर एका जातीचे, पुढले दुसऱ्याच. विद्यार्थ्यानें मिस्त्रीकडे नेऊन हवेची परीक्षा करण्याची व संगणकाची नोंद काढण्याची परवानगी मागितली. विकणारे गृहस्थ "अवश्य, अवश्य" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांचा फोन आला कीं, दुसरें गिऱ्हाईक कांहीं न पाहतां पैसे घेऊन उभें आहे, तेव्हां हो कीं नाहीं तें संध्याकाळपर्यंत कळवा. तो संध्याकाळीं माझ्याकडे येऊन बराच वेळ बसला. मीं त्याला कांहीं सांगितलें नाहीं. दिवेलागणीला त्यानें फोन करून 'नाहीं' म्हणून कळविलें.

गाडी आठ दिवसांत गेली. परवां तो पुन्हां येऊन गेला. या वेळीं दुसऱ्याच एका गाडीची फाइल बरोबर होती, पहिल्या तीन पानांवर त्यानें पेन्सिलीनें खुणा केल्या होत्या, आणि बरोबर त्याची पत्नीही आली होती.